कार्डाच्या कायद्यात बंदूक कशाला? अमेरिकी सिनेटला खुले पत्र

अमेरिकी सिनेटच्या सन्माननीय सदस्यांना,

सविनय नमस्कार.

22 मे 2009 रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी क्रेडिट कार्ड कायद्यावर सही केली. मनमानी व्याजवाढ आणि लपवलेले दंड यांपासून कार्डधारकांना वाचवणारा हा कायदा. त्याच्या शेवटच्या भागात कलम 512 आहे. कार्डाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. राष्ट्रीय उद्यानांत आणि वन्यजीव अभयारण्यांत भरलेली बंदूक जवळ बाळगता यावी, त्या त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर, अशी ती तरतूद आहे.

इतक्या वर्षांनी हे उकरून काढायचं कारण असं की एका विधेयकात भलत्याच विषयाचं कलम घुसवण्याची आपल्या सभागृहाची सवय अजून गेलेली नाही, आणि कार्डांचा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. या देशातल्या लोकांवरचं कार्डांचं कर्ज 2025 मध्ये 1.2 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिनेटर बर्नी सँडर्स आणि सिनेटर जॉश हॉली या एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभ्या राहणाऱ्या दोघांनी मिळून कार्डाच्या व्याजावर 10 टक्क्यांची मर्यादा घालणारं विधेयक आणलं. आज ना उद्या कार्डांबद्दल काहीतरी मोठं आपल्यापुढे मतदानाला येईल. तेव्हा त्याच्या पाठीवर कोणतं ओझं चढवलेलं असेल, ही माझी चिंता आहे.

मी न्यू जर्सीची रहिवासी आणि मतदार आहे. इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांना बँकेचं खातं, क्रेडिट स्कोअर, कार्डाचं स्टेटमेंट कसं वाचायचं हे समजावून सांगण्याचं काम आम्ही काही जणी करतो. हे पत्र मराठीत लिहिते आहे ते या मंडळींनी वाचावं म्हणून. त्यांच्यातले बरेच जण आता नागरिक झाले आहेत, आपल्याला मत देतात, आणि त्यांच्या खिशातल्या कार्डाचे नियम कसे ठरतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांना वेगळी पाठवली आहे.

2009 च्या आधी काय चालायचं ते नव्या लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. कार्डाचं बिल वेळेवर भरणाऱ्या माणसाचा दुसऱ्याच कुठल्यातरी कर्जाचा हप्ता चुकला, तरी कार्डाचा व्याजदर वाढायचा. तोही पुढच्या खरेदीवरच नाही, आधी केलेल्या, जुन्या दराने घेतलेल्या उधारीवरसुद्धा. बिल हातात पडायचं आणि भरायची मुदत चार दिवसांवर आलेली असायची. काही कंपन्या देय तारखेला दुपारपर्यंतच पैसे स्वीकारायच्या, संध्याकाळी भरलं की उशीर झाला म्हणून दंड. शून्य टक्क्याच्या आमिषाने जुनं कर्ज नव्या कार्डावर आणलं, तर तुम्ही भरलेले पैसे आधी त्या शून्य टक्क्याच्या रकमेत जिरवायचे आणि महागड्या व्याजाची रक्कम तशीच फुगू द्यायची. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचा दर असाच एका महिन्यात दुपटीहून जास्त झाला होता. नवरा दोन प्रोजेक्टांच्या मध्ये, पगार बंद, व्हिसाची टांगती तलवार. फोनवर बँकेचा माणूस एवढंच म्हणत राहिला की करारात लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतंही, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात.

कायदा आला आणि यातलं बरंचसं थांबलं. दर वाढवायचा तर 45 दिवस आधी कळवायचं. जुन्या बाकीवर दर वाढवायचा तर ग्राहकाने 60 दिवस पैसे थकवलेले असले पाहिजेत. बिल किमान 21 दिवस आधी पाठवायचं. किमान रकमेच्या वर भरलेला पैसा आधी सर्वांत महाग बाकीकडे वळवायचा. 21 वर्षांखालच्या मुलांना स्वतःची कमाई किंवा जामीनदार असल्याशिवाय कार्ड नाही, आणि कॉलेजच्या आवारात टी-शर्ट वाटून मुलांकडून अर्ज भरून घेणं बंद. ग्राहक वित्तीय संरक्षण ब्यूरोने 2015 साली हिशेब मांडला. कार्डाची उधारीची मर्यादा ओलांडल्याचे आणि उशिराचे दंड कमी झाल्यामुळे चार वर्षांत लोकांचे 16 अब्ज डॉलरहून जास्त वाचले होते.

मला स्वतःला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती स्टेटमेंटवरची एक छोटी चौकट. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर हे कर्ज किती वर्षांनी फिटेल, आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती भरावे लागतील, हे त्या चौकटीत छापणं कायद्याने सक्तीचं केलं. मंडळातल्या बैठकीत मी सगळ्यात आधी तीच चौकट दाखवते. काही हजारांचं कर्ज फिटायला वीस-पंचवीस वर्षं लागणार, हा आकडा वाचून माणसं गप्प होतात, आणि मग कागद-पेन्सिल मागतात. चांगला कायदा सामान्य घरात असा पोचतो. म्हणूनच त्याच कायद्याच्या शेपटीला बंदूक बांधलेली पाहून माझा जीव जळतो.

ती तिथे कशी आली, हेही मंडळींना सांगायला हवं. 1983 पासून नियम असा होता की राष्ट्रीय उद्यानात बंदूक न्यायची तर ती रिकामी करून, बांधून ठेवलेली असली पाहिजे. डिसेंबर 2008 मध्ये, बुश यांच्या सरकारने जाता जाता तो सैल केला. 19 मार्च 2009 रोजी संघीय न्यायालयाने पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास केला नाही म्हणून त्या बदलाला स्थगिती दिली. म्हणजे वाद न्यायालयात होता, आणि सरळ मार्गाने पुढे जायला वेळ लागणार होता. त्याच वेळी कार्डांचं विधेयक सिनेटमध्ये आलं. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी 12 मे रोजी त्यावर बंदुकीची दुरुस्ती मांडली. ती 67 विरुद्ध 29 मतांनी मंजूर झाली. 19 मे रोजी अख्खं विधेयक 90 विरुद्ध 5 मतांनी पार पडलं. राष्ट्राध्यक्षांना मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुट्टीआधी सही करायची होती. दुरुस्ती काढण्यासाठी भांडत बसलं असतं तर विधेयक लांबलं असतं, म्हणून ती राहिली. 22 फेब्रुवारी 2010 या एकाच दिवशी कार्डाच्या बहुतेक तरतुदी आणि उद्यानातली बंदूक, दोन्ही अमलात आल्या.

कोबर्न यांच्या बाजूच्या लोकांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं मी मुळीच म्हणत नाही. राज्याच्या रस्त्यावर कायदेशीरपणे बंदूक बाळगणारा माणूस उद्यानाची हद्द ओलांडताच गुन्हेगार ठरतो, हे बरोबर नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्याला वजन आहे. दुसऱ्या बाजूला उद्यान सेवेतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा विरोध होता. यलोस्टोन तर वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलेलं आहे, तिथे एका वळणावर एक कायदा आणि पुढच्या वळणावर दुसरा लागू होणार हा व्यवहाराचा प्रश्न होता. उद्यानाच्या रक्षकांना, म्हणजे रेंजरांना, काय वाटतं, शिकारचोरीचं काय, तंबूत झोपलेल्या कुटुंबांचं काय, हे सगळं ऊर्जा व नैसर्गिक संसाधन समितीपुढे यायला हवं होतं. बँकिंग समितीच्या विधेयकात ते कशाला? ज्यांना बंदूक हवी त्यांनाही यातून आपली बाजू देशापुढे नीट मांडायची संधी मिळाली नाही. त्यांचा हक्क कार्डाच्या कायद्याच्या तळटीपेसारखा पदरात पडला.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, दुरुस्तीवर वेगळं मतदान झालं होतं, कोण कुठे उभं होतं त्याची नोंद आहे. आहे, मान्य. पण त्यानंतर काय? विरोधात मत दिलेल्या त्या 29 जणांना बंदुकीला विरोध कायम ठेवायचा असता, तर आठवड्याभराने कार्डधारकांच्या संरक्षणाविरुद्ध मत द्यावं लागलं असतं. संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, 20 मे रोजी वेगळी वाट काढली. कार्डाच्या भागावर एक मतदान घेतलं, ते 361 विरुद्ध 64. बंदुकीच्या कलमावर दुसरं घेतलं, ते 279 विरुद्ध 147. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की दिसतं, ही दोन वेगळी विधेयकं होती आणि सदस्यांची त्यांबद्दलची मतंही वेगळी होती. मात्र दोन्ही भाग एकाच कायद्यात बांधलेले असल्याने बंदुकीचं कलम पडलं असतं तर सगळं पुन्हा आपल्याकडे आलं असतं, आणि मेमोरियल डे हुकला असता. सुट्टीआधी निकाल हवा म्हणून घाईत असलेल्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. यात नाक कुणाचं दाबलं गेलं हे बघा. सिनेटरांचं नाही, बँकांचं तर नाहीच. 2009 च्या मंदीत नोकऱ्या जाऊन जी घरं कार्डावर किराणा भरत होती, त्यांचं. ज्या विधेयकाची लोकांना निकड आहे, ज्याला नाही म्हणणं कुणालाच परवडणार नाही, नेमकं तेच या कामासाठी निवडलं जातं. कुणाला नको असलेल्या विधेयकावर कोण कशाला स्वार होईल? कर्जदारांसाठीचे कायदे कायम निकडीचेच असतात, म्हणून हे ओझं कायम त्यांच्याच विधेयकांवर येत राहणार.

कधी कधी तर त्या ओझ्याखाली मूळ विधेयकच चिरडतं. त्याच वर्षी, 26 फेब्रुवारीला, आपल्या सभागृहाने वॉशिंग्टन डी.सी.च्या सुमारे 6 लाख लोकांना प्रतिनिधिगृहात मताधिकार असलेला सदस्य देणारं विधेयक 61 विरुद्ध 37 मतांनी मंजूर केलं होतं. त्यावरही शहराचे बंदूकविषयक कायदे मोडीत काढणारी दुरुस्ती चढवली होती. प्रतिनिधिगृहात ते विधेयक अडकलं आणि तिथेच संपलं. त्या शहरातले लोक आजही कर भरतात आणि त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. कोबर्न यांची दुरुस्ती आली तेव्हा हा अनुभव जेमतेम अडीच महिन्यांचा होता.

माझ्या बाजूच्या लोकांनीही हे केलं आहे, ते लपवणं बरोबर होणार नाही. 2001-02 मध्ये दिवाळखोरी कायद्याच्या सुधारणेत सिनेटर चक शूमर यांची एक तरतूद होती. गर्भपात केंद्रांपुढे हिंसक निदर्शनं करून न्यायालयाचा दंड ओढवून घेणाऱ्यांना दिवाळखोरी दाखवून तो दंड बुडवता येऊ नये, अशी. निदान तिचा कर्जाशी संबंध होता. त्या एका तरतुदीवरून नोव्हेंबर 2002 मध्ये सगळं विधेयक प्रतिनिधिगृहात कोसळलं. ते विधेयक कार्ड कंपन्यांना हवं होतं आणि कर्जबाजारी कुटुंबांना जाचक होतं, त्यामुळे ते पडल्याचं मला बरंच वाटलं. 2005 मध्ये त्या तरतुदीशिवाय ते आलं आणि कायदा झाला. मधली तीन वर्षं कर्जदारांना मिळाली ती गर्भपाताच्या वादाच्या कृपेने. दिवाळखोरीचे नियम कडक असावेत की सैल, यावर देशाने विचार करून ती दिली नव्हती. असा दिलासा मला नको आहे, कारण पुढच्या वेळी तो उलट्या दिशेनेही येऊ शकतो.

याहून अवघड उदाहरण सैनिकांचं आहे, आणि आपण ते माझ्यापुढे नक्की ठेवाल. 2006 मध्ये सैनिकांना दिल्या जाणाऱ्या कर्जांवर 36 टक्क्यांची कमाल मर्यादा आली ती 2007 या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकात दुरुस्ती घालूनच. छावण्यांच्या फाटकाबाहेर दुकानं थाटून पगाराच्या भरवशावर उसने देणाऱ्या सावकारांच्या तावडीतून त्या तरुण मुलांची सुटका झाली. मी त्या दुरुस्तीच्या विरोधात कशी असेन? सैनिकांच्या कर्जाचा सैन्याच्या सज्जतेशी संबंध आहे, हेही खरं. पण ती संरक्षणाच्या विधेयकातून आली म्हणून एक प्रश्न विचारायचा राहून गेला. सैनिकाला 36 टक्के, मग रात्रपाळी करणाऱ्या नर्सला, गोदामात खोकी उचलणाऱ्याला का नाही? दोन आठवड्यांसाठी 100 डॉलर उसने घेऊन 15 डॉलर शुल्क भरणारा माणूस वर्षाला जवळपास 400 टक्के दराने कर्ज घेत असतो. अनेक राज्यांत आजही हे कायदेशीर आहे. ग्राहकांच्या कर्जाबद्दलचं स्वतंत्र विधेयक म्हणून ती मर्यादा चर्चेला आली असती तर हा प्रश्न सभागृहात कुणीतरी उभं राहून विचारलाच असता.

आता तर कार्डांचा विषयच दुसऱ्यांच्या पाठीवर बसून फिरतो आहे. दुकानदारांकडून कार्ड व्यवहारावर घेतलं जाणारं शुल्क कमी व्हावं म्हणून सिनेटर डर्बिन आणि सिनेटर मार्शल यांनी 2022 मध्ये विधेयक आणलं. ते आधी संरक्षणाच्या विधेयकाला जोडण्याचा प्रयत्न झाला, 2025 मध्ये स्टेबलकॉइनच्या, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या डिजिटल नाण्यांच्या, विधेयकाला. ते चांगलं आहे की वाईट यावर आमच्या मंडळातच दोन तट आहेत. एडिसनच्या ओक ट्री रोडवर दुकान चालवणाऱ्यांना ते हवं आहे. कार्डावरच्या पॉइंटांनी दरवर्षी मुंबईचं तिकीट काढणाऱ्यांना ते नको आहे. हा वाद खरा आहे, मोठा आहे, आणि 2025 संपेपर्यंत आपण त्यावर एकदाही सरळ मतदान घेतलेलं नाही.

हे असंच चालायचं, असं कुणी मला सांगू नये. मी ज्या राज्यात राहते त्या न्यू जर्सीच्या 1947 च्या संविधानात स्पष्ट लिहिलं आहे: एकमेकांशी योग्य संबंध नसलेल्या गोष्टी एकाच कायद्यात मिसळल्याने अनुचित प्रभाव पडू शकतात, ते टाळण्यासाठी प्रत्येक कायद्याचा उद्देश एकच असावा आणि तो शीर्षकात सांगितलेला असावा. चाळीसहून अधिक राज्यांच्या संविधानांत अशी अट आहे. खुद्द प्रतिनिधिगृहात दुरुस्ती विषयाला धरूनच असावी असा नियम आहे. सिनेटर रँड पॉल यांनी एका विधेयकात एकच विषय असावा म्हणून 2012 मध्ये विधेयक आणलं. नंतरही तसे प्रयत्न झाले आणि सगळे तसेच पडून राहिले.

मी ज्या देशातून आले तिथल्या लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतही, नियम 80 मध्ये, दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेतली आणि त्या कलमाशी संबंधित हवी असं म्हटलेलं आहे. नियम असून भागत नाही, हेही मी तिथेच पाहिलं. पुणे-पिंपरीच्या महापालिकांत विषयाशी विसंगत उपसूचना घुसवल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. 2017 च्या वित्त विधेयकातून न्यायाधिकरणांची फेररचना झाली, कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची मर्यादा उठली, निवडणूक रोख्यांचा रस्ता मोकळा झाला, आणि ते धन विधेयक असल्याने राज्यसभेला शिफारशी करण्यापलीकडे काही करता आलं नाही. ते रोखे घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी 2024 उजाडला. एकदा आत शिरलेली गोष्ट बाहेर काढायला किती वर्षं जातात, याचा हा हिशेब आहे.

या देशात राष्ट्राध्यक्षांच्या हातातही उपाय नाही. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षांना विधेयक पूर्ण स्वीकारायचं किंवा पूर्ण परत पाठवायचं, एवढाच पर्याय आहे. खर्चाच्या आणि काही करसवलतींच्या तरतुदींपुरता निवडक नकाराधिकार 1996 च्या कायद्याने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये रद्द केला. तेव्हा दार राखायचं ते आपल्यालाच.

आणि आपल्याला ते जमतं. सिनेटच्या नियम 22 प्रमाणे चर्चा आवरती घेण्याचा ठराव झाला की त्यानंतर विषयाशी संबंधित दुरुस्त्याच चालतात. नियम 16 खर्चाच्या सर्वसाधारण विधेयकांना असंच संरक्षण देतो. संबंधित काय आणि असंबंधित काय, हे ठरवण्याची पद्धत आपल्याकडे तयार आहे. माझी मागणी एवढीच आहे की ग्राहकांचं कर्ज, कार्ड, गृहकर्ज आणि दिवाळखोरी यांवरच्या विधेयकांनाही तोच नियम पहिल्या दिवसापासून लागू करणारा स्थायी आदेश करा. विषयाबाहेरची दुरुस्ती आली तर कुणाही एका सदस्याला हरकत घेता यावी, आणि ती हरकत डावलायची तर 60 मतं लागावीत. कुणाची तोंडं बंद करायला मी सांगत नाही. ज्याला उद्यानातल्या बंदुकीबद्दल बोलायचं आहे त्याने तिचं विधेयक आणावं, मी त्याची सुनावणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन.

कोबर्न यांच्या दुरुस्तीला 67 मतं होती, म्हणजे 60 च्या अटीनेही ती अडली नसती, असं कुणीतरी लगेच म्हणेल. तेव्हा 67 जणांना आधी एक वेगळं मत द्यावं लागलं असतं: ही दुरुस्ती कार्डाच्या विषयाबाहेरची आहे हे माहीत असूनही आम्हाला ती इथेच हवी आहे, असं. त्यातले किती जण त्या मतावर आपलं नाव लावायला तयार झाले असते, हे मला बघायला आवडलं असतं.

आपण केलेल्या 2009 च्याच कायद्यात एक कलम आहे. ग्राहकाने वेगळी, स्पष्ट संमती दिल्याशिवाय बँकेला मर्यादा ओलांडल्याचं शुल्क लावता येत नाही. मोठ्या करारावर सही केली म्हणजे त्यातल्या प्रत्येक गोष्टीला होकार दिला, असं धरायचं नाही, हे तत्त्व आपणच बँकांना शिकवलं. माझ्या मताच्या बळावर आपण तिथे बसता. कार्डाच्या संरक्षणाला माझा होकार आहे म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या प्रत्येक गोष्टीला माझा होकार धरला जाऊ नये, एवढी वागणूक मलाही मिळायला हवी.

न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरांना माझा थेट प्रश्न आहे: असा स्थायी आदेश मतदानाला आला तर आपण बाजूने मत द्याल का? हो किंवा नाही, एका ओळीत लेखी कळवावं. उत्तर जे असेल ते मी मंडळाच्या पुढच्या सभेत आपल्या नावासह वाचून दाखवीन आणि सूचना फलकावर लावीन. उत्तर आलं नाही तर तेही तिथे लिहीन. बाकीच्या राज्यांतल्या मराठी मतदारांनी हे पत्र आपापल्या सिनेटरांकडे पाठवून हाच प्रश्न विचारावा, अशी त्यांना विनंती आहे.

आपली,
न्यू जर्सीतील एक मतदार